रिकाम्या समुद्रापुढे उभं राहून बघायचं तरी काय? (हिरोशी सुगिमोतो)

निळाई

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

गेल्या शनिवारी इथे लंडनला हेवर्ड गॅलरीत हिरोशी सुगिमोतो या जपानी फोटोग्राफरचं 'टाइम मशीन' हे प्रदर्शन पाहिलं. प्रदर्शनाची मुदत ७ जानेवारी २०२४ पर्यंतची. सुगिमोतो १९४८ साली टोकियोत जन्मले, कॉलेजात राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र शिकले, मग कॅलिफोर्नियात फोटोग्राफी शिकून १९७४ मध्ये न्यूयॉर्कला आले. तिथे काही वर्षं जुन्या जपानी वस्तूंच्या खरेदी-विक्रीवर घर चालवलं.

मला विचारायचंय ते त्यांच्या समुद्रांबद्दल. ही मालिका १९८० साली जमैकाहून सुरू झाली. फोटो कृष्णधवल, भलेमोठे. वर आकाश, खाली पाणी, बरोब्बर मध्यावर क्षितिज. जहाज नाही, पक्षी नाही, किनारा नाही, माणूस तर नाहीच. शेजारी पाटी: समुद्राचं नाव, जागा, वर्ष. कॅरिबियन, बाल्टिक, काळा समुद्र, जपानचा समुद्र. एकाशेजारी एक लावले की पहिल्या झटक्यात सगळे सारखेच.

माझी आई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलीय. वय ७१. चित्रकलेशी तिचा संबंध रांगोळीपुरता. मी तीन मिनिटांत सगळे फोटो बघून पुढच्या दालनाच्या दाराशी पोचले, मागे वळून बघते तर आई बाकावर बसलेली. वीस मिनिटं उठली नाही. विचारलं, "काय बघतेयस एवढं?" तर म्हणाली, "काही नाही. बरं वाटतंय."

तेव्हापासून डोक्यात तेच. अशा चित्रात काहीच नसतं, तर माणूस बघतो काय? आणि मला ते का दिसलं नाही? जाणकारांनी लिहा, अजाणकारांनी तर जरूर लिहा.

मोगरा२१

आईंना माझा नमस्कार सांग. वाचतेय.

सरळसोट

स्पष्ट लिहितो, राग नसावा. गणपतीपुळ्याला गेलो की माझ्या मोबाइलमध्ये असे पन्नास फोटो निघतात. अर्धं आकाश, अर्धं पाणी. फरक इतकाच की माझ्या फोटोत बायको-मुलं असतात आणि त्यामुळे ते बघावेसे वाटतात. जपानी माणसानं काढला, गॅलरीत टांगला, शेजारी पाटी लावली की ती कला, हे मला पटत नाही. कलेत कौशल्य दिसलं पाहिजे. भीमसेनजींची तान ऐकली की गाण्यातलं न कळणाऱ्यालाही कळतं, हे आपल्याला सात जन्मांत जमणार नाही. इथे तसं काय आहे?

निळाई

सरळसोट, राग कसला, मी आईला जवळजवळ हेच म्हणाले होते. म्हणून तर धागा काढला.

अंधारखोली

कौशल्याचा प्रश्न आलाय म्हणून लिहितो. वीस वर्षं फिल्मवर काम केलंय, अजूनही घरच्या मोरीत डेव्हलप करतो.

सुगिमोतो ८ बाय १० इंचांच्या निगेटिव्हवर काम करतात. म्हणजे एकच निगेटिव्ह शाळेच्या वहीच्या पानाएवढी. कॅमेरा लाकडी खोक्यासारखा, डोक्यावर काळं कापड घ्यायचं, काचेवर उलटी प्रतिमा बघून फोकस करायचा. एका वेळी एकच फिल्म. ती भरायची, एकदा उघडायची, काढून ठेवायची. पन्नास काढून त्यातला एक निवडू, ही सोय नाही.

खरी परीक्षा पुढे. फोटोत झाडं, घरं, गर्दी असली की डेव्हलपिंगमधल्या चुका त्यात लपून जातात. नुसतं राखाडी आकाश असेल तर रसायनाचा ट्रे हलवताना हात जरा कमीजास्त झाला की पट्टे उमटतात. धुळीचा एक कण बसला तर पांढरा ठिपका. मी एकदा हट्टानं कोऱ्या आकाशाचा मोठा प्रिंट करायला घेतला. अकरा कागद फुकट गेले आणि बाराव्यावरही डाग होताच. सुगिमोतोंच्या प्रिंटवर वरपासून क्षितिजापर्यंत राखाडी रंग इतका हळूहळू उतरतो की तो कुठे बदलला ते बोट ठेवून सांगता येत नाही. सरळसोट, तुमची तान इथे आहे. आवाज लहान आहे, कान जवळ न्यावा लागतो.

चहाबाज

हे फोटो लाँग एक्स्पोजरचे असतात ना? तासभर शटर उघडं ठेवायचं, लाटा पुसल्या जातात, म्हणून पाणी एवढं शांत दिसतं.

अंधारखोली

चहाबाज, नाही. बऱ्याच जणांचा हा समज असतो, कारण थिएटरांच्या फोटोंत ते खरोखर तसं करतात. तासभर उघडं ठेवलं तर पाण्याचं दूध होतं, धुकं पसरल्यासारखं. यांचे दिवसाचे समुद्र जवळून बघा, एकेक सुरकुती मोजता येईल. पाणी शांत दिसतं ते उंच कड्यावरून, लांबून घेतल्यामुळे. रात्रीचे फोटो वेगळे, त्यात वेळ जास्त लागतो. त्यातल्या काहींत चंद्राची वाट उमटलीय आणि ते फोटो त्यांनी चक्क ९० अंशांत फिरवून उभे लावलेत. क्षितिज उभं! मान तिरकी करून बघावंसं वाटतं, पण करू नये.

गणितगुरुजी

उंचीचा विषय निघालाच आहे तर थोडं गणित. डोळ्याची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला ३.५७ नं गुणा. क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते मिळतं. वाळूत उभ्या माणसाला क्षितिज जेमतेम साडेचार किलोमीटरवर. १०० मीटर उंच कड्यावरून तेच जवळजवळ ३६ किलोमीटर. आपण लहानपणी 'जग तिथे संपतं' म्हणायचो, तिथे सायकलनं अर्ध्या तासात पोचता आलं असतं. अर्थात पाण्यावर सायकल चालवायची तयारी हवी.

मोगरा२१

गुरुजी :)

रीळवाला

अंधारखोली यांनी थिएटरांचा उल्लेख केला, तिथे मला थांबायलाच हवं. माझे वडील तालुक्याच्या गावी एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. ३१ वर्षं.

आधी सुगिमोतोंनी केलं काय ते सांगतो. १९७६ च्या सुमारास त्यांना प्रश्न पडला: अख्खा सिनेमा एकाच फोटोत घेतला तर काय दिसेल? पर्यटक असल्यासारखे न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमधल्या एका स्वस्त थिएटरात मोठा कॅमेरा घेऊन शिरले. सिनेमा सुरू झाला तेव्हा शटर उघडलं, दोन तासांनी संपला तेव्हा बंद केलं. त्याच रात्री फिल्म धुतली. पडदा पांढराशुभ्र उजळलेला! नट, नटी, मारामारी, रडारड, सगळं त्या उजेडात विरघळलेलं. आणि त्या उजेडात थिएटरचं नक्षीकाम, खुर्च्यांच्या रांगा, छत स्वच्छ दिसतंय. एरवी सिनेमा बघताना जे कधीच दिसत नाही ते.

आता हिशेब. सेकंदाला २४ चित्रं, म्हणजे दोन तासांच्या सिनेमात १,७२,८०० चित्रं. ती सगळी एकावर एक रचली की पांढरा पडदा. म्हणजे तो पडदा रिकामा नाही, भरून वाहतोय.

वडिलांकडून कळलेली आणखी एक गोष्ट. प्रोजेक्टरमध्ये पंख्यासारखी पाती फिरते. एक चित्र सरकून दुसरं येईपर्यंत ती उजेड अडवते, नाहीतर पडद्यावर नुसते ओघळ दिसतील. म्हणजे सिनेमा चालू असताना जवळजवळ अर्धा वेळ पडदा काळा असतो, आपल्याला कळत नाही इतकंच. लहानपणी हे ऐकून मला फसवल्यासारखं वाटलं होतं. वडील म्हणाले, "अरे, अंधार आहे म्हणून तर चित्र हलतंय."

आमच्या टॉकीजला दोन प्रोजेक्टर होते. वीसेक मिनिटांचं एक रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका चमकायचा, त्या खुणेवर वडील दुसरं मशीन सोडायचे. प्रेक्षकाला सांधा कळता कामा नये, हा त्यांचा अभिमान. आता तिथे मंगल कार्यालय आहे. सुगिमोतोंचे पांढरे पडदे मी कॉम्प्युटरवर पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला अमेरिका दिसली नाही. रात्री शेवटचा खेळ सुटल्यावर वडील रिकाम्या पडद्यावर नुसता दिवा सोडून काच तपासायचे, तो पडदा दिसला.

निळाई

रीळवाला, हे आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "यांच्या वडिलांनी किती लोकांना रडवलं-हसवलं असेल, आणि कोणी वर वळूनही बघितलं नसेल."

रीळवाला

रीळ तुटलं की बघायचे ना! तेव्हा मात्र सगळं थिएटर वळून शिट्ट्या मारायचं. :) आईंना सांगा, वडील असते तर त्यांना हे वाक्य फार आवडलं असतं.

चहाबाज

प्रश्न: सगळ्याच सिनेमांचा पडदा सारखाच पांढरा येतो का? भुताचा सिनेमा काळपट यायला हवा.

अंधारखोली

बरोबर ओळखलंत. सुगिमोतोंनी स्वतःच सांगितलंय की आनंदी गोष्टीचा पडदा उजळ येतो, दुःखीचा मंद, आणि भुताखेतांचा तर फारच काळा. उघड्या मैदानावरच्या ड्राइव्ह-इन थिएटरांचे फोटो बघा. पडदा पांढरा आणि मागच्या आकाशात विमानांच्या नि ताऱ्यांच्या रेघा.

सरळसोट

थिएटरची कल्पना आवडली, मान्य करतो. तिथे काहीतरी करून काहीतरी मिळालं. समुद्राबद्दल अजून तिथेच आहे. समुद्र होता, फोटो काढला. कल्पना कुठे आहे?

योकोहामाकर

कल्पना फार जुनी आहे, सरळसोट. सुगिमोतोंनी स्वतःला विचारलं: आदिमानवानं जे पाहिलं तेच आजच्या माणसाला जसंच्या तसं बघता येईल का? डोंगर घ्या, त्यावर विजेचे खांब आलेत. जंगलाचं शेत झालं. ज्या फुजी पर्वताचा जपान्यांना एवढा अभिमान, त्या फुजीचाही आकार शतकानुशतकं बदलत आलाय. राहता राहिलं पाणी आणि हवा. म्हणून त्यांनी जगभर फिरून तेवढंच टिपलं. जहाज नाही, किनारा नाही, याचं कारण हे. ज्यावरून काळ ओळखता येईल ते सगळं चौकटीबाहेर.

दुसरी गोष्ट, जी मी स्वतः अनुभवलीय. सुगिमोतोंची समुद्राची सगळ्यात जुनी आठवण आगगाडीतली आहे. आतामीहून ओदावाराकडे येताना गाडी बोगद्यातून बाहेर पडली आणि खिडकीत एकदम सागामीचा उपसागर, धारदार क्षितिज. लहान मूल होते. पुढे त्याच टापूत, एनोउरा इथे, संत्र्यांच्या बागेच्या उतारावर त्यांनी वेधशाळा बांधली. २०१७ मध्ये खुली झाली. नेबुकावा स्टेशनला उतरायचं, वेळ आधी ठरवून जावं लागतं. मी दोनदा जाऊन आलोय.

वेधशाळा म्हटलं तरी दुर्बीण नाही. १०० मीटर लांबीचं एक दालन आहे, एका बाजूला दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला काच, टोक समुद्राकडे. ते उन्हाळ्यातल्या सर्वात मोठ्या दिवशी सूर्य उगवतो त्या दिशेला रोखलेलं. त्याच्या खालून गंजक्या लोखंडाचा ७० मीटर लांब बोगदा जातो, तो हिवाळ्यातल्या सर्वात लहान दिवसाच्या सूर्योदयाकडे. त्या बोगद्याच्या अंधारात उभं राहिलं की समोर चौकोनात फक्त समुद्र. आगगाडीचा बोगदाच पुन्हा बांधलाय की काय असं मला वाटलं. पहिल्या वेळी पाऊस होता, समुद्र आणि आकाश एकच राखाडी, क्षितिज नव्हतंच. दुसऱ्या वेळी ते होतं, आणि किती बारीक असतं ते तेव्हा कळलं.

करवीरनिवासी

ही तर आमच्या अंबाबाईची किरणोत्सवाची योजना! नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. एका दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी मध्यावर, तिसऱ्या दिवशी मुखावर. ढग आले किंवा वाटेत कुणी इमारत वाढवली की किरणं अडतात, मग सगळं कोल्हापूर हळहळतं. ज्यांनी हे दगड लावले त्यांना सूर्याची चाल पाठ होती.

योकोहामाकर

करवीरनिवासी, हे मला सुचलं कसं नाही! पुढच्या वेळी तिथल्या मार्गदर्शकांना नक्की सांगेन.

सरळसोट

कोकण रेल्वेतूनही बोगद्याबाहेर पडलं की समुद्र दिसतो तसंच का?

पाणसावली

सरळसोट दादा, आपल्याकडे गाडीतून समुद्र क्वचितच, खाड्याच जास्त. आणि मला थोडं भांडायचंय, आदिमानवाच्या मुद्द्यावर.

आमचं घर हर्णैच्या बाजूला, तीन पिढ्या मासेमारी. बाबा तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख होते. आमच्या घरात कोणी समुद्राला 'रिकामा' म्हणालं तर त्याला जेवायला वाढणार नाहीत. पाण्याचा रंग रोज वेगळा. उधाणाचं पाणी वेगळं, भांगेचं वेगळं. सकाळी मतलई वारा असतो तेव्हा पाण्याची कांती एक, दुपारी खारा वारा सुटला की दुसरी. पावसाळा संपला की हवा धुतलेली असते, क्षितिज सुरीनं कापल्यासारखं. एप्रिल-मेमध्ये ते धुरकट, पाणी कुठे संपतं कळत नाही. जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा बाबा ओटीवर बसून नुसते बघत राहायचे. आम्हाला वाटायचं कंटाळलेत. ते वाचत होते.

म्हणून सगळे समुद्र सारखे आणि आदिमानवापासून तोच समुद्र, हे मला पटत नाही. दोन दिवसही तोच नसतो.

निळाई

पाणसावली, तुझा मुद्दा ऐकून मी फोटो परत काढून बघितले (प्रदर्शनाचं पुस्तक घेतलंय). खरंच सारखे नाहीत गं. जपानच्या समुद्राचा एक आहे त्यात पाणी काळंभोर आणि आकाश कोरं. बाल्टिकचा एक असा की आकाश-पाण्यात फरकच करता येत नाही, मधली रेघ डोळा शोधत राहतो. सगळ्यांची रचना तीच ठेवली, म्हणूनच कदाचित उरलेला फरक दिसायला लागतो. तू म्हणतेस तेच त्यांनीही केलंय का? पाटीवर जागा नि वर्ष लिहिलंय म्हणजे त्यांच्या लेखीही तो 'कुठलाही समुद्र' नाही.

पाणसावली

हे मात्र बरोबर. 'समुद्र' एवढंच लिहून सोडलं असतं तर मी जास्त भांडले असते.

रंगछटा

उशिरा आले. जेजेत चित्रकला शिकले, आता शाळेत शिकवते. दोन नावं घेतल्याशिवाय राहवत नाही.

वासुदेव गायतोंडे. घराणं गोव्याचं, जन्म १९२४ चा नागपूरचा, १९४८ साली जेजेतून बाहेर पडले. झेन विचाराकडे ओढले गेले. त्यांच्या चित्राला 'अमूर्त' म्हटलेलं त्यांना आवडत नसे, त्यात वस्तूच नाही असं ते म्हणत. रोलर आणि पॅलेट नाइफनं रंगाचे थर चढवायचे, काढायचे, पुन्हा चढवायचे. वर्षाकाठी पाच-सहाच चित्रं. उरलेला वेळ? बसून बघायचे. ज्याबद्दल आधी ऐकलं होतं ते त्यांचं चित्र समोर आलं तेव्हा माझीही गत निळाईसारखीच झाली, तीन मिनिटांत पुढे सरकले. परत आले तेव्हा आतून उजेड येतोय असं दिसलं. उजेड आधीही होताच, माझा डोळा पोचला नव्हता. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियममध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. २०२१ च्या लिलावात एका चित्राला जवळजवळ ४० कोटी मिळाले आणि लोकांना नाव कळलं. कळलं ते किमतीमुळे, याचं वाईट वाटतं.

दुसऱ्या नसरीन मोहमदी. अलिबागजवळच्या किहीमला त्यांच्या कुटुंबाचं घर, तिथेच १९९० मध्ये गेल्या. शाई, पेन्सिल आणि आर्किटेक्टची अवजारं घेऊन नुसत्या रेषा. आजारानं हातावरचा ताबा सुटत चालला होता तरी रेघ केसाइतकी बारीक आणि सरळ. त्या फोटोही काढत, पण हयातीत कधी प्रदर्शनात मांडले नाहीत. किहीमचा किनारा, ओहोटीची ओल, तिथली रेघ बघितलीय ना ज्यांनी, त्यांना नसरीनबाईंची चित्रं कोरडी वाटणार नाहीत.

चित्र आणि फोटो यांतली भिंत सुगिमोतोंनीही बऱ्याचदा ओलांडलीय. २०१२ मध्ये लंडनला रॉथको या चित्रकाराची काळी-राखाडी चित्रं आणि सुगिमोतोंचे समुद्र समोरासमोर लावले होते.

अंधारखोली

रंगछटाताई, भिंत ओलांडण्याचंच आणखी एक उदाहरण. करोनामुळे सुगिमोतो तीनेक वर्षं न्यूयॉर्कच्या स्टुडिओत जाऊ शकले नाहीत. परतले तेव्हा साठवलेला फोटोचा कागद मुदत उलटून खराब झालेला. एरवी फेकून देतात. त्यांनी अंधाऱ्या खोलीत ब्रश घेतला, तो डेव्हलपरमध्ये किंवा फिक्सरमध्ये (फोटो उमटवणारं आणि पक्कं करणारं रसायन) बुडवला आणि त्या कागदावर अक्षरं रंगवली. कॅमेराच नाही. मंद उजेडात स्वतःची अक्षरंही नीट दिसत नाहीत, हाताच्या आठवणीवर लिहायचं. मला ते 'ऑप्टिक्स'पेक्षाही जास्त आवडलं. 'ऑप्टिक्स' म्हणजे काचेच्या लोलकातून पडलेले नुसते रंग, पोलरॉइडवर टिपून मोठे केलेले. नाव न्यूटनच्या १७०४ च्या ग्रंथावरून. वस्तू नाही, आकार नाही, फक्त तांबडा, फक्त निळा.

पिंपळपान

थोडं अवांतर, पण धाग्याला धरून. क्योतोच्या सांजुसांगेन-दो मंदिरात सहस्रभुज कान्नोनच्या १००१ मूर्ती आहेत. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. मूर्तींना अकरा मुखं. आणि अकरा मुखांचा अवलोकितेश्वर बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यात ४१ व्या गुंफेत आहे, किती मुंबईकरांनी बघितलाय? त्याच मंदिरात सेवक देवतांमध्ये इंद्र आणि ब्रह्माही उभे आहेत, जपानी नावं घेऊन.

सुगिमोतोंनी इथले फोटो काढण्यासाठी सात वर्षं परवानगीची वाट पाहिली. १९९५ मध्ये मिळाली. नंतरच्या काळातली सजावट हटवली, ट्यूबलाइट बंद केल्या, आणि फक्त हिगाशियामा डोंगरावरून येणाऱ्या पहाटेच्या उजेडात काम केलं. फोटोत मूर्तींच्या रांगा, रांगांमागे रांगा. त्या मालिकेचं नाव 'बुद्धांचा समुद्र'.

त्यांचं अजून एक काम मला फार जवळचं वाटतं. जपानी दफनभूमीत पाच दगडांचा छोटा स्तूप असतो, गोरिंतो. खाली चौकोन म्हणजे पृथ्वी, त्यावर गोल म्हणजे पाणी, मग अग्नी, वायू आणि सर्वात वर आकाश. आपलीच पंचमहाभूतं, क्रमसुद्धा तोच. सुगिमोतोंनी ते स्तूप भिंगाच्या काचेत घडवले आणि पाण्याच्या गोळ्यात आपला एकेक समुद्र बसवला. कधी हातात घेता आला तर काय वाटेल, असा विचार करतो मी.

मोगरा२१

कान्हेरीला दहा वेळा गेलेय, ४१ वी गुंफा चुकलीच. या रविवारी जाते.

सरळसोट

मंडळी, बारा दिवसांनी परत आलोय. नाताळच्या सुट्टीत दिवेआगरला होतो. ठरवलं, एकदा मनापासून तसा फोटो काढायचाच. ट्रायपॉड नेला होता.

पहिला दिवस, सकाळी साडेसहा. वाळूवरून काढला तर खालच्या भागात फेस आणि ओली वाळू येतेच येते. नुसतं पाणी मिळतच नाही. म्हणजे उंची हवी. दुसऱ्या दिवशी हरिहरेश्वरला गेलो, प्रदक्षिणेच्या वाटेवर कड्यापाशी उभा राहिलो. मोबाइलचं रुंद भिंग क्षितिजाला बाक देतं, क्षितिज बरोब्बर मध्यावर आणलं तरच सरळ होतं. हे कळायला अर्धा तास. मग होड्या. एक गेली की दुसरी. मग बगळा. मग आकाशात विमानाची रेघ. मी पावणेदोन तास तिथे बसलो. मुलगा तीनदा येऊन गेला, चौथ्यांदा शेजारी बसला. आम्ही दोघंही काही बोललो नाही. असं आमचं गेल्या कित्येक वर्षांत झालेलं नाही, तो सतरा वर्षांचा आहे.

शेवटी चौकट रिकामी झाली तेव्हा फोटो काढायचा राहूनच गेला. म्हणजे बघत राहिलो. मुलगाच म्हणाला, "बाबा, होडी आली." एकही फोटो नाही माझ्याकडे. पण पन्नास फोटो निघतात हे जे मी वर लिहिलंय ते मागे घेतो. एकही निघत नाही.

अंधारखोली

सरळसोट, मुलाला घेऊन घरी या एकदा. मोरीत जागा करू.

निळाई

सरळसोट, तुमचा प्रतिसाद वाचून मी काल आईला घेऊन पुन्हा गेले. या वेळी घड्याळ पर्समध्ये टाकलं आणि सागामीच्या उपसागराच्या फोटोसमोर तिच्याशेजारी बसले. सुरुवातीला स्वयंपाक, ऑफिस, बसची वेळ, सगळं आलं डोक्यात. मग नजर क्षितिजावर गेली आणि तिथून कुठे जायचं ते तिला कळेना, म्हणून तिथेच राहिली. मग पाण्यावरच्या रेघा दिसायला लागल्या. खालच्या मोठ्या, वर जाता जाता बारीक, अगदी बारीक. 'बरं वाटतंय' याहून चांगला शब्द मलाही सापडला नाही.

पाणसावली

निळाई ताई, तू पुस्तकातला सागामीचा फोटो टाकला होतास ना, तो काल बाबांना दाखवला. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, तरी चष्मा लावून बराच वेळ बघितला. कोण, कुठला, काही विचारलं नाही. म्हणाले, "वारा पडलेला आहे. किती वाजता काढलाय?"

निळाई

पाटीवर जागा आहे, वर्ष आहे, वेळ कुठेच नाही. आईला विचारते, तिनं जास्त वेळ बघितलाय.